हिरावहिनी, एक ओळ राहिली होती

वहिनी, मला असं लिहिताना बघून तू म्हणाली असतीस, "लिवत काय बसलीस गो, तोंड नाय का तुना?" तोंड होतं. आठ वर्षं होतं आणि ते मी उघडलं नाही, म्हणून आज कागद घेऊन बसावं लागतंय.

तुला जाऊन सोळा दिवस झाले. दहाव्याला खाडीच्या काठावर पिंड ठेवून आम्ही चार पावलं मागे सरतोय, तोवर कावळ्याने चोच मारलीसुद्धा. सगळे म्हणाले, हिराचं कशातच मन अडकलं नव्हतं, सुटली बिचारी. मीही मान डोलावली. तुझं अडकलं नसेल. माझं मात्र एका ओळीत अडकलंय, आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

सरळ मुद्द्यावर यायची मला सवय नाही, हे तुला माहीतच आहे. शैला बाजाराला निघाली तरी आधी देवळाला वळसा घालते, असं तूच म्हणायचीस. तर थोडा वळसा घेऊ दे.

मी या घरात आले ती डोंबिवलीहून. जात एकच, पण माझे वडील कारखान्यात कारकून, त्यामुळे आम्ही मासळी विकत घेऊन खाणारे. तू माझी थोरली जाऊ. पहिल्याच सकाळी मी तुला "तुम्ही चहा घेणार का" असं विचारलं, तर तू पदर तोंडाला लावून हसत सुटलीस. "तुम्ही काय गो? मी काय कलेक्टर हाय?" त्या दिवसापासून तू. मग मी मांदेली साफ करायला बसले आणि एकेक मांदेली हातात धरून निरखू लागले, तेव्हा तू सासूबाईंना हाक मारून म्हणालीस, "शाळा शिकलेली सून आणलीस, आता म्हावऱ्याची पन हजेरी घेल!" मला राग आला होता. तीन दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही. चौथ्या दिवशी तू गुपचूप माझ्या ताटात माशाच्या अंड्यांची तळलेली गाबोळी वाढलीस आणि तिथे माझा राग संपला. मी अशीच आहे, खाण्यावर विकली जाणारी.

तुझी खरी विद्या म्हणजे वाटे लावणं. नौपाड्यात बाजाराच्या कोपऱ्यावर तू बसायचीस, ओल्या फळीवर कोलंबीचे वाटे लावायचीस, आणि मी सुट्टीच्या दिवशी तुझ्या शेजारी बसून बघत राहायचे. बाकीच्या बायका वर मोठी कोलंबी ठेवून खाली बारीक दडवायच्या. तुझ्या प्रत्येक वाट्यात दोन मोठ्या, चार मधल्या, बाकी बारीक, आणि सगळं उघड्यावर. गिऱ्हाईक कुठलाही वाटा उचलो, कुणी कमी आलं म्हणून परत आलेलं मी पाहिलं नाही. मी विचारलं होतं, इतकं कशाला मोजायचं? तू म्हणालीस, "मोजत नाय गो. हाताला कलतं." घरातही तसंच. दिवाळीची करंजी असो की कामाचा भार, तुझ्या हाताने पडलेला वाटा सारखाच असायचा.

म्हणूनच पुढे जे झालं ते झालं. तुझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिला ते सुचलंच नसतं.

एकोणनव्वदच्या शिमग्यानंतर तुझा खोकला थांबेना. पाटी डोक्यावर घेऊन वर्तकनगरच्या कॉलनीत चढ चढताना तुला धाप लागायची. मीच तुला सरकारी दवाखान्यात नेलं. बेडका तपासला, टीबी निघाला. पूर्वीसारखी रोजची इंजेक्शनं आता नाहीत, नव्या गोळ्या आल्यात, घरी न्या, घरीच घ्या, असं तिथल्या औषधवाल्या साहेबांनी सांगितलं तेव्हा आपल्या दोघींचा जीव भांड्यात पडला. पंधरा दिवसांची पाकिटं, एका दिवसाचं एक. त्यात एक लाल कॅप्सूल आणि पांढऱ्या गोळ्या, दोन चांगल्या जाड. पाकिटांबरोबर एक छापील गुलाबी कागद. दारात आल्या आल्या तू तो माझ्या हातात दिलास. "मना काय कलतंय त्यातलं. तू वाच." मी वाचला. त्या दिवशी सगळा वाचला होता, शप्पथ. पण तुझं लक्ष पाकिटांकडे होतं. तू त्या गोळ्या उलट्यासुलट्या करून बघत होतीस आणि म्हणत होतीस की लाल गोळी कशी पोवळ्यासारखी दिसते.

महिन्याभरात तुझा चेहरा भरला. तू खूश होऊन साहेबांना पानात बांधून कोलंबीचा वाटा नेऊन दिलास. ते शुद्ध शाकाहारी. माणूस इतका सज्जन की नाही म्हणवेना, टेबलाच्या खणात ठेवला. पुढच्या खेपेला तो खण उघडताना त्यांनी नाकाला रुमाल लावलेला बघून आपण दोघी बाकावर तोंड दाबून हसलो होतो. आठवतं?

आणि मग मी खोकायला लागले.

मी तेव्हा बालवाडीत शिकवत होते. सकाळी पंचवीस-तीस पोरं माझ्या मांडीवर, पाठीवर. खोकणाऱ्या बाईकडे कोण आपलं मूल पाठवील? दवाखान्यातल्या त्या बाकावर कोळीवाड्यातलं कुणी ना कुणी बसलेलं असायचंच. मी तिथे दिसले असते की संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. नोकरी गेली असती. तुझ्या दिराला मी सांगितलं की घशाला धूळ लागते. त्यांनी विश्वास ठेवला. तू नाही ठेवलास. तू माझ्या पाठीवर हात ठेवून खोकला ऐकलास, माझ्या डोळ्यांत बघितलंस आणि म्हणालीस, "हा माज्यासारकाच हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. तू पाकिटं घेऊन आलीस, गुलाबी कागद घेऊन आलीस आणि माझ्यासमोर फतकल मारून बसलीस. "माजं आता बरं हाय. दोगींत वाटून घेतलं तं चालंल का? बघ कागदात काय लिवलंय. नीट वाच."

वहिनी, ती दुपार मला जशीच्या तशी दिसते. चुलीवर भात होता. बाहेर कुणीतरी जाळं वाळत घालत होतं. मी कागद उलगडला आणि वाचायला लागले. सर्व गोळ्या एकाच वेळी घ्याव्यात. एकही दिवस चुकवू नये. बरे वाटले तरी औषध बंद करू नये. लघवीचा रंग लालसर झाल्यास घाबरू नये. आणि त्याच्या खाली, सगळ्यात शेवटी, लिहिलं होतं: ही औषधे दुसऱ्या कोणालाही देऊ नयेत.

ती ओळ मी वाचली नाही. माझी नजर तिच्यावरून गेली. पण तोंडातून आवाज काढला नाही. कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "इतकंच आहे."

तू विचारलंस, "वाटायचं नाय असं काय नाय ना लिवलेलं?"

मी म्हणाले, "नाही."

म्हणजे मी नुसती ओळ गाळली असं नाही. तू सरळ विचारलंस आणि मी सरळ खोटं बोलले. हे आजवर मी स्वतःला सांगताना "गाळली" असंच सांगत आले. तुला तरी खरं सांगू दे.

तू लगेच कामाला लागलीस. एकही दिवस चुकवायचा नाही म्हणजे दोघींना रोज मिळायला हवं. सासूबाईंचा अडकित्ता आणलास, सुपारी फोडावी तशा जाड गोळ्या मधोमध फोडल्यास. चुरा उडाला तो बोटाने टिपून दोन्हीकडे सारखा केलास. लाल कॅप्सूल कापता येईना, तेव्हा ठरलं, एक दिवस तू, एक दिवस मी. स्टीलच्या ताटलीत दोन वाटे लावलेस. सारखेच. नेहमीसारखे. मी माझा उचलला.

असे आपण तीन महिने काढले. दवाखान्याच्या तारखेच्या आदल्या दिवशीची कॅप्सूल मात्र न चुकता तुझी, कारण साहेब नेहमी विचारायचे, लघवी लाल होते का? आणि कधी कधी बाटली हातात द्यायचे. लाल दिसली की त्यांनी कार्डावर "नियमित" लिहायचं. त्यांचं तरी काय चुकलं? पाकिटं वेळेवर जात होती, बाटली लाल होती, बाई हसतमुख होती. घरी नेलेली गोळी कुणाच्या पोटात जाते हे त्यांना कार्डावरून कसं दिसणार?

श्रावणात माझ्या बेडक्यातून रक्त पडलं. मी इतकी घाबरले की कुणाला न सांगता दोन कपडे पिशवीत भरून डोंबिवलीला माहेरी गेले. वडिलांनी मला तिथल्या खाजगी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, आधी काही औषध घेतलंय का? मी नाही म्हणाले. तोवर मला नाही म्हणायची चांगलीच सवय झाली होती. त्यांनी पूर्ण औषध दिलं, आईने रोज सकाळी समोर उभं राहून गिळायला लावलं, आणि मी बरी झाले. त्यात माझी हुशारी कसलीच नाही. माझ्यावर औषध लागू पडलं, एवढंच. कुणावर पडतं, कुणावर नाही.

तू मला भेटायला डोंबिवलीला आलीस तेव्हा आपलं भांडण झालं. आईच्या समोर झालं, म्हणून दोघी आवाज दाबून भांडलो. मी म्हणाले, वहिनी, तूही इथे डॉक्टरांकडे ये, नव्याने सुरू कर. तू म्हणालीस, "माजं सरकारी बरं चाललंय." मी पुन्हा म्हणाले, तर तू फणकारलीस, "आता तुना माजा वाटा नको झाला व्हय?" मला तेव्हाच सांगता आलं असतं. अगं, तो वाटा लावायलाच नको होता, कागदावर तसं लिहिलं होतं, म्हणून ये. तेवढं सांगितलं असतं तर तू आली असतीस. आपलं भांडणही मिटलं असतं. मी म्हणाले, "तुझी मर्जी." आणि तुला चहा टाकायला आत गेले. ते भांडण तसंच राहिलं, वहिनी. तू बाहेर बसून आईला कोलंबीच्या सालांचं कालवण कसं करतात ते सांगत होतीस.

तुझी पाकिटं संपली. मी माहेरी गेल्यापासूनची सगळी तू एकटीने घेतलीस, पुरी. कार्डावर साहेबांनी लिहिलं, "उपचार पूर्ण." तू ते कार्ड मला वाचायला लावलंस, दोनदा, आणि देवळात नारळ फोडलास. दवाखान्याच्या रजिस्टरात माझं नाव कुठेच नव्हतं आणि मी बरी झाले होते. तू रजिस्टरात बरी झालीस.

मधली दोन-अडीच वर्षं चांगली गेली, हेही लिहायला हवं. साक्षरतेचे वर्ग निघाले, कोळीवाड्यातल्या बायकांना शिकवायला मला सांगितलं. तू पहिल्या दिवशी आलीस ती माझी मस्करी करायला. "डोक्यावरची पाटी उतरवली आन हातात पाटी घेतली," असं म्हणून सगळ्यांना हसवलंस. पण तू थांबलीस. तुझ्या बोटांत मासळीच्या काट्यांनी भेगा पडलेल्या, त्यात पेन्सिल धरवत नसे. तरी सहा महिन्यांत तू रिक्षांवरची नावं वाचायला लागलीस, मग दुकानांच्या पाट्या, मग वर्तमानपत्रातल्या मयताच्या बातम्या. त्या तुला विशेष आवडायच्या. मी आयुष्यात शिकवलेली तू सगळ्यात द्वाड विद्यार्थिनी, आणि सगळ्यात चांगली.

मग खोकला परत आला. या वेळी गोळ्या लागू पडेनात. मोठ्या डॉक्टरांनी तुझ्या छातीचे फोटो दिव्यासमोर धरले आणि विचारलं, "मागच्या वेळी औषध अर्धवट घेतलं होतं का? मधे सोडलं होतं? कुणाला दिलं होतं?" मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. "नाय डॉक्टर. सगल्या घेतल्या. मोजून." डॉक्टरांनी मान हलवली, त्यांचा विश्वास बसला नव्हता. बाहेर येऊन तू म्हणालीस, भूक लागलीय, वडा खाऊ. आपण वडा खाल्ला.

मग रोजची इंजेक्शनं सुरू झाली आणि त्यांनी तुझे कान गेले. आधी गिऱ्हाइकांचा भाव ऐकू येईना, मग घरातलं. तू बाजारात बसणं बंद केलंस. तुझ्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, आणि अशी गोष्ट ओरडून कशी सांगायची, भिंतीला भिंत लागून असलेल्या त्या घरांत? पण तुला वाचता येत होतं. मीच शिकवलं होतं. आपण वर्गातली जुनी पाटी काढली, मी लिहायचे, तू वाचून तोंडाने उत्तर द्यायचीस. जेवलीस का, गोळी घेतलीस का, तुझी सून आली. या पाटीवर मी तीनदा लिहिलं, "वहिनी, त्या दिवशी मी कागद पूर्ण वाचला नव्हता." तीनदा तू पाणी पिऊन वळायच्या आत मीच ओल्या फडक्याने पुसलं. शेवटच्या वेळी तू विचारलंस, "काय गो, काय लिवलं व्हतंस?" मी लिहिलं, "भात लावू का?" तू म्हणालीस, लाव.

तू गेलीस ती दुपारी, मी भात लावून येईपर्यंत.

बाराव्याला सगळं आवरल्यावर शेवटच्या गल्लीतली संगीता आली. दीड वर्षापूर्वी तिला टीबी झाला होता, आता बरी आहे, अंगाने भरली आहे. ती रडत होती. मला वाटलं, शेजारधर्म. मग तिने सांगितलं की तू रोज सकाळी तिच्या दारात, बाहेरच्या पायरीवर, तोंडाला पदर गुंडाळून बसायचीस. आत यायची नाहीस. तिने तांब्या आणि पाकीट घेऊन तुझ्यासमोर बसायचं आणि तुला दाखवून गिळायचं. तिची सासू म्हणाली होती, थोरल्या नातवालाही खोकला आहे, दोन गोळ्या त्याला देऊ. तू पायरीवरून उठून एवढी ओरडलीस की सासू आत पळाली. तुला ऐकू येत नव्हतं, म्हणून तुझा आवाज जास्तच मोठा. त्या पोराला तू दवाखान्यात न्यायला लावलंस.

"मावशी पहिल्या दिवशी कागद वाचून दाखवायची," संगीता म्हणाली. "मलाच नाही, आमच्या वाड्यात ज्याला ज्याला झालं त्याला. अक्षर अक्षर लावून. शेवटची ओळ दोनदा."

आणि तिने प्लास्टिकच्या पिशवीतून घडी काढून माझ्या हातात दिली. "हा तिचा कागद माझ्याकडे राहिला होता." गुलाबी रंग पार उडालाय. घड्यांवर फाटलाय, मागून तू भाताच्या खळीने पट्टी चिकटवली आहेस. तोच कागद, वहिनी. त्या दुपारी भाताच्या वाफेने पडलेला डागही त्याच्यावर आहे.

म्हणजे तुला माहीत होतं. कधीपासून ते मला कळणार नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही? वडा खाताना? आता मला वर्गातला एक दिवस आठवतो. तू मान खाली घालून पाटीवर गिरवत होतीस आणि सहज विचारलंस, "लिवलेलं सगलंच वाचायला लागतं का गो? एखादी ओल सोडली तं?" मी म्हणाले, सगळंच वाचायचं असतं. तू "हां" म्हणालीस आणि गिरवत राहिलीस. मला तेव्हा फक्त तुझं वळण सुधारल्याचं दिसलं होतं.

तू मला एकदाही बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्यास, केस धरून ओढले असतेस, मी रडले असते आणि आपण पुन्हा जेवायला बसलो असतो. तुझ्या या गप्प राहण्याचा मला रागही येतो, सांगून ठेवते. तू माझा अपराध एकटीने उचललास आणि मला त्यातला वाटा दिला नाहीस. आयुष्यभर सारखे वाटे लावणारी तू, इथेच कशी चुकलीस? की माझी नोकरी गेली असती, आणि माझ्यामुळे वर्ग बंद पडला असता, हा हिशेब केलास? पाटी कोरी आहे, मी कितीही लिहिलं तरी.

आज दुपारी तुझ्या जागी, चुलीसमोर, फतकल मारून बसले. भात लावला. कागद उलगडला. तुझ्या फोटोकडे तोंड करून मोठ्याने वाचायला घेतला. ओरडूनच वाचला, तुला ऐकू येत नाही म्हणून. शेजारच्या घरात भांडी घासायचा आवाज थांबला. थांबू दे. सर्व गोळ्या एकाच वेळी घ्याव्यात. एकही दिवस चुकवू नये. बरे वाटले तरी औषध बंद करू नये. लघवीचा रंग लालसर झाल्यास घाबरू नये. ही औषधे दुसऱ्या कोणालाही देऊ नयेत. ही औषधे दुसऱ्या कोणालाही देऊ नयेत.

तू विचारलं होतंस ना, वाटून घेतलं तर चालेल का, नीट वाच?

नाही चालणार, वहिनी. तुझ्या गोळ्या तू घे.